सिझर स्वीपमध्ये जड जोडीदार पलटतच नाही, माझं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की पंचवटीतल्या तालमीत कुस्ती केली, आता ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकताय आणि सिझर स्वीपला (खालून पायांची कात्री मारून पलटवायच्या डावाला) वजनदार जोडीदार जागचा हलत नाही. मीही नाशिकमध्येच शिकतो. मातीतून मॅटवर आलेल्यांचं हे हमखास होतं. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास, त्यामुळे गार्डमध्ये, म्हणजे जोडीदाराला पायांत धरून पाठीवर असताना सुटायची घाई होते. तुमच्या पायांत ताकद भरपूर असणार. पाय लवकर मारले जातायत, एवढंच.

हा स्वीप हातांनी सुरू होतो. डाव्या हाताने त्याची उजवी बाही पकडा, उजवा हात त्याच्या उजव्या कॉलरमध्ये खोल घाला. गार्ड उघडून कंबर उजवीकडे सरकवा आणि डाव्या कुशीवर या. पाठ सपाट राहिली तर पुढचं काहीच जमणार नाही. उजवी नडगी त्याच्या पोटावर आडवी, डावा पाय जमिनीलगत त्याच्या उजव्या गुडघ्यापाशी. मांडीवर नाही, गुडघ्यापाशीच.

आता थांबा. कॉलर स्वतःकडे, डोक्याच्या दिशेने ओढा. त्याचं वजन टाचांवरून उठून तुमच्या नडगीवर आलेलं स्पष्ट जाणवायला हवं. ते आलं की मगच दोन्ही पाय एकदम उलट दिशांना. बाही तुमच्याकडे असल्याने त्याला उजवा हात टेकता येत नाही, म्हणून तो त्याच बाजूला पडतो. बाही सोडू नका, तिच्याच आधाराने माऊंटवर, म्हणजे त्याच्यावर स्वार व्हा. आयबीजेजेएफच्या (आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या) नियमांत वरची स्थिती 3 सेकंद टिकली की स्वीपचे 2 गुण आणि माऊंटचे 4 मिळतात.

तो मागे रेलून टाचांवर बसला असेल तर ओढत बसू नका. डाव्या पायाने त्याचा उजवा गुडघा मागे ढकला, की तो पसरतो आणि तोच स्वीप लागतो. किंवा सरळ उठून बसा आणि हिप बंप, म्हणजे कंबरेच्या धक्क्याने पलटवायचा डाव घ्या. मागे गेलेल्या माणसाला तो फार छान लागतो.

माझा आग्रह एकच: काही दिवस जोडीदाराला पलटवूच नका. फक्त कंबर सरकवा, ओढा, वजन आलं का बघा, सोडा. दोन्ही बाजूंनी. आणि बाही पकडताना बोटं तिच्या तोंडातून आत घालू नका. स्पर्धेत तो फाऊल आहे आणि बोटंही मुरगळतात.