गणितातलं हार्मोनिक आणि तंबोऱ्यातलं हार्मोनिक एकच का?

मूळ एकच, पण प्रत्येक विषयाने त्यातला वेगळा भाग उचललाय. पंढरपूरच्या एखाद्या वीणेकऱ्याची वीणा डोळ्यांसमोर आणा. ६० सेंटिमीटरची तार अख्खी, मग दोन, तीन, चार भागांत एकाच वेळी कंप पावते. भागांची लांबी ६०, ३०, २०, १५. हे १, १/२, १/३, १/४ असं गुणोत्तर म्हणजे गणिताची हार्मोनिक श्रेढी. संगीतात मात्र कंपनसंख्या (सेकंदाला किती कंपनं) बघतात आणि ती १, २, ३, ४ पट वाढते (यातली प्रत्येक पट म्हणजे एक हार्मोनिक), म्हणजे गणिताच्या भाषेत साधी अंकगणिती श्रेढी! तीन पटीला वरच्या सप्तकातला पंचम मिळतो. तार नुसत्या 'सा'त लावली तरी हा पंचम कान देऊन ऐकला की सापडतो, जरूर ऐका.

गणिती मंडळी पुढे १ + १/२ + १/३... अशी बेरीज करतात. ती अनंताकडे जाते, पण फार सावकाश: १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात. याचा सुरांशी संबंध उरत नाही.

भौतिकशास्त्रातली सरल हार्मोनिक गती (स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी खालीवर होणारी) तर एकाच कंपनसंख्येची असते.

बारावीला असाल तर इथे जपा: तारेचा पहिला ओव्हरटोन (मूळ सुराच्या लगेच वरचा सूर) म्हणजे दुसरा हार्मोनिक, एका टोकाला बंद नळीत मात्र तिसरा. मार्क इथेच जातात.

'पट्टी' या शब्दाचंही तसंच: भूमितीत ती रेघ मारते, पेटीवर सूर ठरवणारी काळी चार होते.