डीएनएची दुहेरी सर्पिल रचना शोधण्यातलं रोझालिंड फ्रँकलिनचं श्रेय वॉटसन-क्रिकने चोरलं का? तिला नोबेल का मिळालं नाही?

नोबेलचं आधी उरकते. ती १९५८ साली गेली, वय ३७. वॉटसन, क्रिक आणि तिचे किंग्ज कॉलेजमधले सहकारी विल्किन्स यांना पारितोषिक १९६२ ला. हयात नसलेल्याला ते देत नाहीत.

चोरीबद्दल मात्र मला बोलायचंय. एमएस्सीनंतर मी एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट होते, एक्सआरडी मशीनवर (क्ष-किरण टाकून पदार्थाची आतली रचना ओळखायचं यंत्र). चार महिने ग्राफ गचाळ येत होता. रात्री स्कॅन लावायचा, सकाळी येऊन कपाळाला हात. शेवटी लक्षात आलं, सॅम्पल हवेतला ओलावा धरतंय. ओव्हनमधून काढून थेट डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवायला लागले आणि ग्राफवरची टोकं अशी सुरेख आली! सरांनी तो ग्राफ चहा पिता पिता एका पाहुण्या प्राध्यापकांना दाखवला. सहा महिन्यांनी दोघांचा पेपर आला. मी आभारात, तेही आडनावाचं स्पेलिंग चुकवून. आमचा एक सीनिअर म्हणाला, "अगं, तू मशीनच तर चालवलंस. अर्थ त्यांनी लावला."

मशीनच! फ्रँकलिननेही मग मशीनच चालवलं म्हणायचं. धाग्याची आर्द्रता काटेकोर सांभाळून तिने डीएनएची ए (कोरडं) आणि बी (ओलसर) रूपं वेगळी केली, म्हणून तर डीएनएचा १९५२ चा तो क्ष-किरण फोटो, 'फोटो ५१', इतका स्वच्छ आला. (तोही प्रत्यक्ष काढला तिच्या विद्यार्थ्याने, रेमंड गॉसलिंगने. त्याच्यासाठी कोण भांडतं?) जानेवारी १९५३ मध्ये विल्किन्सने तो वॉटसनला दाखवला, तिला न विचारता. तिची मोजमापं असलेला अहवाल क्रिकच्याच प्रयोगशाळेतल्या पेरुट्झकडून क्रिकच्या हाती पडला, आणि माझ्या मते फोटोपेक्षा तेच जास्त कामाचं होतं. एप्रिलमध्ये 'नेचर'मधल्या लेखात वॉटसन-क्रिकने आभार काय मानले, तर विल्किन्स-फ्रँकलिनच्या अप्रकाशित कामाचं 'सर्वसाधारण स्वरूप' ठाऊक होतं म्हणे. सर्वसाधारण!

तुम्ही विद्यार्थी असाल तर वहीत रोज तारीख घाला आणि लेखकांत कोण कोण, हे पहिला ग्राफ दाखवायच्या आधी विचारा. मी विचारलं नाही, ती चूक माझी.

आता, फ्रँकलिन किंग्ज कॉलेज सोडून निघाली होती आणि गॉसलिंग परत विल्किन्सच्या हाताखाली आला होता, त्यामुळे फोटो विल्किन्सकडे रीतसरच आला, हेही खरं. अहवालावर 'गोपनीय' असा शिक्काही नव्हता. बेसच्या, म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांना जोडणाऱ्या घटकांच्या, जोड्या वॉटसननेच जुळवल्या. अर्थ लावणं लहान काम नाही, मान्य. पण सीनिअर, तू हे वाचत असशील तर ओलं सॅम्पल घे आणि लावून दाखव अर्थ.