साहेबांना कुणी सांगायचं?

प्रश्न : ताई, मी सोलापूरची, वय २८. होटगी रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं झाली. पतसंस्था आणि टॉवेल कारखान्यांसाठी हिशोबाचं, मालसाठ्याचं सॉफ्टवेअर करतो. सगळं पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत. पगार दोन वर्षं जागचा हललेला नाही. रात्री घरी पायथॉन ही दुसरी भाषा आणि क्लाउडचं शिकते आहे. आता पुण्यात नोकरी बघायची आहे. पण साहेब बाबांच्या ओळखीचे, त्यांनीच मला पहिलं काम दिलं. त्यांना न सांगता दुसरीकडे बघणं विश्वासघात वाटतो. सांगितलं आणि नवी नोकरी मिळालीच नाही तर? रुजू होताना दोन वर्षांच्या बाँडवर सही केली होती, आणि माझ्या मूळ मार्कशीट अजून त्यांच्या कपाटात आहेत. (नाव छापू नये)

उत्तर : विश्वासघाताचं ओझं आधी उतरव. तू काम केलंस, त्यांनी पगार दिला, हिशोब चोख आहे. उरला तो साहेबांचा उपकार, आणि तो मानायची रीत अशी की तुझं जाणं त्यांना तुझ्याच तोंडून कळावं, नव्या पेठेतल्या एखाद्या ग्राहकाकडून नव्हे. मात्र लेखी ऑफर हातात आल्यावरच. ‘तुमचं झालं समजा’ एवढ्या शब्दावर राजीनामा देऊन बसलेली आणि नंतर भरतीच थांबल्यामुळे अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

तोवर खोटं मात्र बोलू नकोस. रजेच्या अर्जात ‘वैयक्तिक काम’ एवढंच लिही. आजीचं आजारपण काढलंस, तर पुढच्या लग्नात साहेब बाबांकडे आजीची चौकशी करतील. पहिल्या फेऱ्या बहुधा व्हिडिओवरच होतात. सकाळी आठची किंवा संध्याकाळी सातनंतरची वेळ माग. नोकरीत असलेल्या उमेदवाराने असं मागण्यात कुणाला काही गैर वाटत नाही. शेवटच्या फेरीला पुण्याला बोलावलं तर हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं.

ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं वायफाय, ऑफिसचा ईमेल यांतलं काहीही या कामाला वापरू नकोस. तुझी हेरगिरी होत असेल असं नव्हे, पण तिथे उघडलेल्या गोष्टींची नोंद राहू शकते. लिंक्डइनवर ‘नोकरीच्या शोधात’ ही खूण फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसेल अशी ठेवता येते. आपल्याच कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ती लपवण्याचा लिंक्डइन प्रयत्न करतं, पण पूर्ण हमी देत नाही. फोटोवरची हिरवी पट्टी मात्र सगळ्यांना दिसते, ती नको.

आता तुझ्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट. पतसंस्थेचं काम तू एका ओळीत उरकलंस. पिग्मी म्हणजे रोजच्या बचतीच्या एजंटने दिवसभर गोळा केलेली रक्कम संध्याकाळी खात्यांत बिनचूक पडणं, मुदत मोडलेल्या ठेवीचं व्याज, ३१ मार्चच्या रात्री तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज, जुळत नाही म्हणून चूक शोधत बसणं, हे सगळं तू केलेलं असणार. वित्त क्षेत्रातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना नेमकं हेच माणूस हवं असतं, ज्याला पैशाचा व्यवहार अर्ध्यात तुटला तर काय होतं ते ठाऊक आहे. रेझ्युमेत पीएचपी लाजत लिहू नकोस. त्याखाली किती शाखा, किती खाती, काय अडलं आणि तू ते कसं सोडवलंस ते लिही. संस्थेचं नाव आणि तिची माहिती नको. ऑफिसच्या कोडची एकही फाईल घरी आणू नकोस. त्याऐवजी पायथॉनमध्ये स्वतःचं छोटं पिग्मी खातं बनव, खोट्या नावांचं, आणि ते गिटहबवर, म्हणजे आपला कोड इतरांना दाखवता येतो त्या वेबसाइटवर, ठेव. मुलाखतीत बोलायला तेच कामी येईल.

बाँडची दोन वर्षं संपली, तेव्हा त्याची भीती नको. तरी नेमणूकपत्र काढून नोटीस किती दिवसांची आहे ते आजच वाच. पुण्याच्या कंपन्या पहिल्याच फोनवर ते विचारतात. मार्कशीट आत्ताच मागून घे. ‘मूळ कागद मला घरी ठेवायचे आहेत, झेरॉक्स देते,’ एवढं पुरे, कारण द्यायला तू बांधील नाहीस. पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ गोळा करून ठेव.

पाच वर्षांच्या ग्रॅच्युइटीसाठी थांब, असा सल्ला तुला कुणीतरी देईलच. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी ती लागू होते. मूळ पगार १५ हजार धरला तर पाच वर्षांचे साधारण ४३ हजार होतात. चांगली पगारवाढ मिळाली तर ते काही महिन्यांत भरून निघतात. त्यासाठी वर्ष घालवू नकोस. पीएफ मात्र काढू नकोस, त्याच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर, नव्या कंपनीत वळव. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो.

ऑफर आली की वार्षिक पॅकेजच्या आकड्यावर जाऊ नकोस. दरमहा हातात किती, ते लेखी विचार आणि त्यातून पुण्याचं भाडं वजा कर.

बाबांना आजच सांग. साहेब भेटले तर त्यांनी काय बोलायचं आणि काय नाही, ते दोघांनी बसून ठरवा. राजीनाम्याची गोष्ट मात्र तूच साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगायची, बाबांनी फोनवर नाही.