ग्राफिक्स कार्ड गेलं, की वीज कमी पडते?

प्रश्न : गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि कार्डाचे पंखे एकदम जोरात फिरू लागतात. गेमचा आवाज मात्र येत राहतो. रीस्टार्ट केल्यावर सगळं ठीक. कार्ड चार वर्षांचं आहे. नवीन घ्यावं का?

उत्तर : इतक्यात नको. आवाज चालू राहतो, म्हणजे बाकीचा कॉम्प्युटर जिवंत आहे. पॉवर सप्लायने पूर्ण मान टाकली असती तर अख्खं मशीनच बंद पडलं असतं. तेव्हा संशयित तीन: कार्डापर्यंत पोचणारी वीज, उष्णता, आणि कार्ड स्वतः. याच क्रमाने तपासा, कारण पहिल्या दोघांचा इलाज स्वस्त असतो.

कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून कॅबिनेट उघडा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५, तर ८ पिनच्या कनेक्टरमधून १५०. कार्डाला ८ पिनचे दोन कनेक्टर असतील आणि एकाच केबलची दोन तोंडं तिथे खोचलेली असतील, तर पॉवर सप्लायपासून दोन वेगळ्या केबली आणा. हे बऱ्याच जणांकडून राहून जातं. प्लग काळवंडलेला किंवा वितळलेला दिसला तर मशीन पुन्हा चालू करू नका. तसं काही नसेल तर कार्ड काढून त्याचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि खटका बसेपर्यंत परत दाबून बसवा.

उष्णतेसाठी जीपीयू-झेड हे कार्डाचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर वापरा. सेन्सर्सच्या पानावर नोंदी फाइलमध्ये साठवण्याची खूण करा. स्क्रीन काळी झाल्यावर आकडे बघायचे तरी कुठे? रीस्टार्टनंतर त्या फाइलच्या शेवटच्या ओळी वाचा. तापमान ९०च्या घरात असेल, किंवा हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) मुख्य तापमानापेक्षा ३० अंशांनी वर असेल, तर धूळ काढून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलायला हवी. ६५ अंशांवरच स्क्रीन गेली असेल तर उष्णता बहुधा निर्दोष.

आता आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळा. टिकला, तर संशय विजेवर; दुसरा दमदार पॉवर सप्लाय तात्पुरता लावून बघा. तरीही स्क्रीन जात असेल तर डीडीयू या ड्रायव्हर मुळापासून काढणाऱ्या सॉफ्टवेअरने सेफ मोडमध्ये ड्रायव्हर (विंडोजमधून कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) पुसून नव्याने टाका. शेवटचा निकाल कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावूनच लागतो: तिथेही तेच झालं तर कार्डच गेलं.

प्रश्न : स्क्रीनवर रंगीत ठिपके आणि चौकडी दिसते, अगदी बायोसमध्येसुद्धा (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंग्जचा पडदा). ड्रायव्हर बदलून उपयोग झाला नाही.

उत्तर : होणारही नाही, बायोस दिसतो तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर सुरूच झालेला नसतो. केबल, पोर्ट आणि मॉनिटर एकेक करून बदला. विंडोजमध्ये ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट घेऊन तो मोबाइलवर उघडा. ठिपके त्यातही असतील तर मॉनिटर आणि केबल सुटले. दोष कार्डात, बहुतेक वेळा त्याच्या मेमरीत. आफ्टरबर्नरमध्ये मेमरी क्लॉक (मेमरीचा वेग) २००-३०० मेगाहर्ट्झने उतरवल्यावर ठिपके कमी झाले तर संशय पक्का, पण ती दुरुस्ती नव्हे. वॉरंटी असेल तर कार्ड न उघडता परत करा. ओव्हनमध्ये भाजून कार्ड ‘जिवंत’ करण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका: सुधारणा झालीच तर फार दिवस टिकत नाही, आणि विषारी धूर त्या ओव्हनमध्ये बसतो.