या नाताळात लेकीवर हात उचलायचा नाहीये

प्रश्न : मावशी, आम्ही वसईचे. मुलगी ६ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. ह्यांची नोकरी अंधेरीला, घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात. गेल्या नाताळात २४ तारखेला मी पहाटेपासून करंज्या तळत होते, दुपारी येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा लावला, रात्री सगळे मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला गेलो. मुलाने चर्चमध्ये रडून आकांत केला. मुलीने नवा फ्रॉक टोचतो म्हणून भोकाड पसरलं आणि मी तिला चारचौघांत चापट मारली. दुसऱ्या दिवशी जेवायला २२ माणसं. त्या सणातलं मला चापटीखेरीज काही आठवत नाही. यंदा डिसेंबर लागल्यापासून पोटात गोळा येतोय. काय कमी करू? सासूबाईंना रीत मोडलेली खपत नाही.
– एक आई, वसई

उत्तर : पोरी, आधी त्या चापटीचं बोलू. लेकीला ती आठवते का, हे तू लिहिलं नाहीस. ३० वर्षं बालवाडीत काढली आहेत, त्या अनुभवाने सांगते, आठवत असणार. आज रात्री तिच्या वेण्या सोडताना तिला म्हण, ‘गेल्या नाताळात मी तुला मारलं, ते माझं चुकलं. फ्रॉक खरंच टोचत होता.’ एवढंच, पुढे ‘पण तूसुद्धा’ जोडायचं नाही. आणि यंदाचा फ्रॉक आत्ताच शिंप्याकडे ने, कमरेला आणि काखेत सुती अस्तर लावून घे. नेटची शिवण नेमकी तिथेच बोचते. सणाआधी एक संध्याकाळ तिला तो घालून घरात खेळू दे.

आता धाकट्याचं. ३ वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते. त्याच्या निजायच्या वेळेला आपण त्याला गर्दीत, दिव्यांच्या झगमगाटात, धुपाच्या वासात उभं करतो आणि वर शांत बस म्हणतो. तो रडला यात त्याचा काही दोष नाही. २५ तारखेच्या सकाळची मिस्सासुद्धा नाताळचीच असते. रात्री दहानंतर भोंग्यांना मनाई असल्याने पुष्कळ ठिकाणी आदल्या संध्याकाळची मिस्साही लवकर होऊ लागली आहे. तुमच्या धर्मग्रामातली, म्हणजे तुमच्या चर्चमधली वेळ विचारून घे. सासूबाई आणि नवरा रात्री जाऊ देत, तू मुलांना घेऊन सकाळी जा. लेक रात्री येते म्हणाली, तर तिला दुपारी दोन तास निजव आणि बाबाबरोबर पाठव.

सासूबाईंना हे २४ तारखेच्या धांदलीत सांगू नकोस. या रविवारी मिस्सेहून आल्यावर, चहा पिताना सांग : ‘आई, मिस्सा चुकवणार नाही, फक्त सकाळी जाईन. आणि गोठ्याचं काम यंदा मुलांना तुमच्याबरोबर करू दे.’ ज्या बाईने आयुष्यभर रीत सांभाळली, तिच्याकडे ती शिकवायचं काम दिलंस, तर ती दुखावणार नाही असं मला मनापासून वाटतं.

माझ्या मते गेल्या वर्षी चुकलं ते एकच. चार आठवड्यांचा सण तू एका दिवसात कोंबलास. नाताळआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार असतात ते येशूजन्माची वाट पाहण्यासाठीच, आणि वाट पाहायला मुलांना फार आवडतं. फक्त हाताला काम हवं.

१२-१३ तारखेला मूठभर नाचणी रात्रभर भिजत घाल. सकाळी जुन्या ताटलीत दोन बोटं माती पसरून लेकीला ती पेरू दे. रोज पाणी तिनेच शिंपडायचं, वाटीतून बोटांनी. तीन-चार दिवसांत पांढरे कोंब दिसतात, नाताळपर्यंत बोटभर हिरवं गवत होतं. तेच गोठ्यात ठेवायचं. आमच्या घरी माझी नात शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून आधी ताटलीपाशी ओणवी होते, कोंबांवरून तळवा फिरवते आणि ‘गुदगुल्या होतात’ म्हणते. बाळयेशूची मूर्ती मात्र २४ च्या रात्रीपर्यंत कपाटात. ती धाकट्याच्या हातून ठेव.

करंज्या २१-२२ ला तळून डब्यात भर, आणि निम्म्याच कर. कलकल, म्हणजे नाताळचे ते तळलेले गोड शिंपले, मुलांवर सोपव. मैद्याची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत गुंडाळली की शिंपल्यासारख्या रेघा उठतात. ६ वर्षांच्या मुलीला हे छान जमतं. वेडेवाकडे कलकल वेगळ्या बशीत काढून लपवू नकोस, शेजारी द्यायच्या ताटात तेही जाऊ देत. दिवाळीत ज्यांच्या घरून फराळ आला, त्यांच्याकडे हे ताट तिच्याच हाती पाठव, वर विणलेला रुमाल घालून. हे काम मुलं किती जपून करतात, बघ.

२२ माणसांचं जेवण तू एकटीने करायचं नाहीस. जावा-नणंदांना आत्ताच एकेक पदार्थ वाटून दे. नवऱ्याला २४ ची रजा घ्यायला सांग. हे मी विनंती म्हणून नाही, हक्काने सांगते आहे. जेवण झाल्यावर मुलं आतल्या खोलीत पडतील, तेव्हा पाहुण्यांसमोर ‘गाणं म्हण, पापा दे’ म्हणून कुणी त्यांना उठवायचं नाही.

भेटीही एका सकाळी सगळ्या उघडू नकोस. नाताळचा काळ २५ ला संपत नाही, ६ जानेवारीला बाळयेशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण पाळतात. आम्ही राजांच्या मूर्ती २५ ला गोठ्यात ठेवतच नाही. त्या खिडकीत असतात. रोज संध्याकाळी मुलं त्यांना वीतभर पुढे सरकवतात. कधी फ्रिजवर मुक्काम, कधी शिवणयंत्रावर. एक भेट ६ तारखेसाठी राखून ठेव. राजे गोठ्यापाशी पोहोचले की ती उघडायची. आमच्याकडे गेल्या वर्षी एका राजाचा उंट दोन दिवस हरवला होता. तो धाकट्या नातवाच्या उशीखाली सापडला. ‘दमला होता,’ म्हणाला.