लिनक्सवर चालणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट (प्रोग्रॅम बांधण्याआधी सिस्टिम तपासणारी) मॅकवर आणि फ्रीबीएसडीवर अडते. प्रत्येकासाठी वेगळी ठेवावी का?

उत्तर: नका ठेवू. तीन स्क्रिप्ट झाल्या की प्रत्येक दुरुस्ती तीनदा करावी लागते, आणि एखादी राहूनच जाते.

स्क्रिप्ट एकच ठेवा, पण ‘युनेम’ (सिस्टिमचं नाव सांगणारी आज्ञा) बघून केलेल्या इफ-एल्सच्या फांद्या छाटा. सिस्टिमचं नाव विचारू नका. हवं ते फंक्शन इथे मिळतंय का, ते तपासा. प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररी उघडणाऱ्या ‘डीएलओपन’चंच घ्या. जुन्या लिनक्सवर त्यासाठी लिंक करताना ‘-एलडीएल’ (म्हणजे ‘डीएल’ लायब्ररी जोडा) लावावं लागायचं. फ्रीबीएसडीवर आणि मॅकवर ते सिस्टिमच्या मूळ लायब्ररीतच असतं. लिनक्सची मूळ सी लायब्ररी ग्लिबसी, तिच्या २०२१च्या २.३४ आवृत्तीपासून लिनक्सवरही ‘-एलडीएल’ची गरज उरली नाही. कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून देणाऱ्या ऑटोकॉन्फमधलं ‘एसी_सर्च_लिब्स’ आधी काहीही न जोडता छोटा प्रोग्रॅम लिंक करून बघतं आणि जमलं नाही तरच ‘डीएल’ जोडतं. स्क्रिप्ट हाताने लिहिलेली असेल, तरी ही चाचणी चार ओळींत होते.

माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कम्पायलर नाही, शेल (स्क्रिप्टमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) नडतो. उबुंटूवर २००६पासून ‘एसएच’ म्हणजे बॅश हा शेल नाही, डॅश हा दुसरा शेल आहे. चौकटी कंसातल्या अटीत तुम्ही ‘==’ लिहिलं असेल, तर डॅश एक एरर छापतो, अट खोटी धरतो आणि पुढे जातो. स्क्रिप्ट थांबतच नाही! वापरणाऱ्याने मागितलेला पर्याय गळून पडतो आणि बिघाड दिसतो तो थेट ‘मेक’च्या (प्रोग्रॅम बांधण्याच्या) वेळी. तिथे एकच ‘=’ लिहा.

फाइलीत जागेवरच बदल करणारं ‘सेड -आय’सुद्धा असंच. मॅकवरचा सेड त्यापुढचा शब्द बॅकअप फाइलचं शेपूट समजतो, म्हणजे तुमची बदलाची आज्ञाच गिळतो. आउटपुट तात्पुरत्या फाइलीत घ्या आणि मग ‘एमव्ही’ने ती मूळ फाइलीच्या जागी ठेवा. हे सगळीकडे चालतं.

फ्रीबीएसडीवरचा ‘मेक’ जीएनयूचा नसतो, तेव्हा मेकफाइलमध्ये जीएनयूची खास रचना असेल तर ‘जीमेक’ (जीएनयूचा मेक) लागेल. लायब्ररींचे पत्ते स्क्रिप्टमध्ये कोरून ठेवू नका. फ्रीबीएसडीवर त्या ‘/यूएसआर/लोकल’मध्ये असतात, ॲपल सिलिकॉनवर होमब्रू (मॅकचा पॅकेज मॅनेजर) त्या ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये ठेवतं. असे पत्ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला विचारा.

शेअर्ड लायब्ररीचं एक्स्टेन्शन (‘.एसओ’ की ‘.डायलिब’) अशा मोजक्या जागी मात्र सिस्टिमचं नाव बघावंच लागतं. ते एकाच ठिकाणी, वर, बघून व्हेरिएबलमध्ये ठेवा.

यानंतरही अडलं आणि स्क्रिप्ट ऑटोकॉन्फची असेल, तर आधी ‘कॉन्फिग.लॉग’ उघडा. नापास झालेल्या चाचणीचा प्रोग्रॅम आणि कम्पायलरची मूळ एरर, दोन्ही त्यात असतात. तेवढा भाग इथे टाका, मी बघतो.