बाजू घेतलेल्या माणसाचा कॅमेरा

प्रश्न : मी छायाचित्रणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीवर निबंध लिहिताना डॅनी लायनचे फोटो पाहिले आणि भारावून गेले. मग कळलं, की तो चळवळीतल्याच संघटनेचा छायाचित्रकार होता. आमचे सर म्हणतात, मोर्च्यात सामील झालेल्याचा फोटो पुरावा नसतो, प्रचार असतो. मला पटत नाही, पण उत्तर सुचत नाही. आणि हीच माणसं पुढे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात का गेली? – एक वाचक

उत्तर : तुमच्या सरांचं वाक्य मीही वर्गात पुष्कळ वर्षं म्हटलं आहे. आता म्हणत नाही.

लायन 1962 च्या उन्हाळ्यात 20 वर्षांचा होता, शिकागो विद्यापीठात इतिहास शिकत होता. कॅमेरा घेऊन तो दक्षिणेत गेला. जॉर्जियातल्या ऑल्बनी गावात त्याला ‘स्निक’चे जेम्स फोरमन भेटले. स्निक म्हणजे 1960 मध्ये विद्यार्थ्यांनी उभी केलेली अहिंसक संघटना. फोरमननी त्याला पहिलं काम दिलं ते असं : कोर्टाच्या इमारतीत जा, तिथे गोऱ्यांसाठी पाण्याचं मोठं यंत्र आहे आणि शेजारी काळ्यांसाठी छोटंसं भांडं आहे, त्याचा फोटो काढ. लायनने काढला. म्हणजे सांगून काढून घेतलेला फोटो, तोही चळवळीच्या नेत्याने! पण त्या भिंतीवर ती दोन भांडी लायनने आणून बसवली नव्हती. तुमच्या सरांना हा फोटो दाखवा आणि यात खोटं काय आहे ते विचारा.

आता लीसबर्ग. 1963 च्या उन्हाळ्यात जॉर्जियातल्या अमेरिकस गावात काही कृष्णवर्णीय मुली थिएटरच्या पुढच्या, गोऱ्यांसाठी राखलेल्या दारातून तिकीट काढायला गेल्या म्हणून पकडल्या गेल्या. पंधराएक मुलींना लीसबर्गजवळच्या एका जुन्या कोठडीत कोंडलं गेलं. बहुतेकींची वयं 12 ते 15. आरोप नाही, पलंग नाही, चालणारं शौचालय नाही. आईबापांना त्या कुठे आहेत हेही कळवलं नव्हतं. लायन गाडीत मागे लपून तिथे पोचला. बरोबरच्या तरुणाने पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवलं आणि लायनने गजांमधून मुलींचे फोटो घेतले. ते बाहेर आल्यावर प्रकरण दडपून ठेवणं अवघड झालं, आणि सप्टेंबरात मुली सुटल्या. मला इथे एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. कुठलाही अलिप्त बातमीदार त्या गजांपाशी पोचला नव्हता. लायन पोचला, कारण मुली कुठे आहेत याचा माग चळवळीतली माणसं काढत होती आणि तो त्यांच्यातला होता.

माझं मत बदललं ते मात्र दुसऱ्याच एका छायाचित्रकारामुळे. मेम्फिसमध्ये 1968 मध्ये सफाई कामगारांचा संप झाला. ‘मी माणूस आहे’ असे फलक हाती धरून उभ्या असलेल्या कामगारांचा अर्नेस्ट विदर्स यांचा फोटो मी दरवर्षी वर्गात दाखवत असे. विदर्स स्वतः कृष्णवर्णीय, नेत्यांच्या बैठकांत बेधडक बसणारे. त्यांच्या मृत्यूनंतर, 2010 मध्ये, मेम्फिसच्या वृत्तपत्राने उघड केलं की ते एफबीआयला, म्हणजे सरकारी तपास यंत्रणेला, चळवळीची माहिती पुरवत होते. मी बातमी दोनदा वाचली. फोटो तोच होता, त्यातला एकही कामगार खोटा नव्हता. पण कॅमेऱ्यासमोर विश्वासाने उभ्या राहिलेल्या त्या माणसांचा विचार करून मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना विचारते : तुमची बाजू समोरच्या माणसाला ठाऊक आहे का? लायनची सगळ्यांना ठाऊक होती.

सरांचं म्हणणं एका बाबतीत मात्र ऐका. बाजू घेतलेला माणूस आपल्या लोकांना न शोभणारी निगेटिव्ह बाजूला टाकतो. म्हणून निबंधासाठी निवडक फोटोंवर थांबू नका, जिथे मिळतील तिथे कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधले सगळे फोटो छोट्या आकारात एकत्र छापलेला कागद, पाहा. काय वगळलं ते तिथे दिसतं.

व्हिएतनामचं उत्तर सॅमी यंगच्या मृत्यूत आहे. 21 वर्षांचा हा कृष्णवर्णीय विद्यार्थी स्निकचं काम करायचा आणि नौदलात नोकरी करून आला होता. 3 जानेवारी 1966 रोजी अलाबामातल्या टस्कीगीत, पेट्रोल पंपावरच्या गोऱ्यांच्या स्वच्छतागृहावरून झालेल्या वादात त्याला गोळी घातली गेली. तीनच दिवसांनी स्निकने युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. देशासाठी वर्दी घालणाऱ्याला घरी ही वागणूक मिळते, तर तिकडे कुठलं स्वातंत्र्य राखायला जायचं, हा त्यांचा सवाल होता. स्निकची प्रसिद्धी सांभाळणारे ज्युलियन बॉन्ड जॉर्जियाच्या विधिमंडळावर निवडून आले होते. या निवेदनाला पाठिंबा दिला म्हणून त्यांना जागेवर बसू दिलं गेलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

युद्धविरोधाचा फोटो म्हणून तुम्ही बहुधा ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाचा घ्याल : 4 मे 1970, युद्धविरोधी निदर्शनांवर सैनिकांनी केलेल्या गोळीबारात मारल्या गेलेल्या जेफ्री मिलरशेजारी गुडघे टेकून आक्रोश करणारी मेरी अॅन व्हेकियो. तो काढणारा जॉन फिलो त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. त्याला पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मेरी अॅन विद्यार्थिनी नव्हती, घरातून पळून आलेली 14 वर्षांची मुलगी होती. तिचं वय निबंधात जरूर लिहा.

त्यानंतर 11 दिवसांनी, 15 मे रोजी, मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांनी वसतिगृहावर गोळीबार केला. फिलिप गिब्ज आणि जेम्स अर्ल ग्रीन हे दोन तरुण गेले. केंट स्टेटचा फोटो जगाला पाठ आहे, या दोघांची नावं फार थोड्यांना ठाऊक आहेत. चाळणी झालेल्या खिडक्यांचे फोटो आहेत, ते शोधा. निबंधात दोन्ही घटना शेजारी ठेवा, आणि लिहून झाला की मला पाठवा. मी वाचेन.